संगणकावर यंत्रमानवाची आखणी

क्षणभर अशी कल्पना करा. यंत्रमानवांच्या आंतरशालेय स्पर्धेला चार दिवस उरले आहेत. तुमच्या चमूचा छोटा यंत्रमानव प्रयोगशाळेतल्या टेबलावर दोन जाड पुस्तकांवर टेकवून ठेवला आहे, म्हणजे त्याची चाके अधांतरी फिरतील. बॅटरी भारलेली आहे, तारा जोडून झाल्या आहेत, आज्ञावली तपासून झाली आहे. मोटरीचा वेग कमी करून तो चाकाला देण्यासाठी दोन दंतचक्रे, म्हणजे आपण ज्यांना गिअर म्हणतो ते, अ‍ॅक्रिलिकच्या एका प्लेटवर बसवले आहेत. तुमच्यापैकी एकाने फूटपट्टीने खुणा करून आणि ड्रिलने भोके पाडून ती प्लेट तयार केली आहे. कळ दाबली. मोटर क्षणभर गुणगुणली आणि थांबली. चाक जागचे हलले नाही.

गिअर हाताने फिरवून पाहिला तर तो घट्ट बसलेला. दोन भोकांमधले अंतर पुन्हा मोजले. ते हवे होते ४० मि.मी., आणि भरले ३९.५ मि.मी. अर्ध्या मिलिमीटरने सगळे काम अडवले!

यात दोष कोणाचा? ज्याने ड्रिल चालवले त्याचा, असे म्हणून आपण मोकळे होऊ. पण फूटपट्टी आणि ड्रिल हातात घेतल्यावर अर्ध्या मिलिमीटरची चूक कोणाकडूनही होईल. खरा प्रश्न वेगळाच आहे. हे अंतर ४० च का हवे होते, आणि त्यात किती चूक चालली असती, हे त्या चमूत कोणी कुठे लिहून ठेवले होते का? यंत्राचा भाग करण्यापूर्वी 'काय कशावर अवलंबून आहे' हे नीट लिहून ठेवण्याची एक उत्तम रीत आज शाळेच्या संगणकावरही शिकता येते. तिचे नाव कॅड. 'कॉम्प्युटर एडेड डिझाइन', म्हणजेच संगणकाच्या साहाय्याने केलेली आखणी, या शब्दांची ही आद्याक्षरे होत.

चित्र वेगळे, आखणी वेगळी

वस्तू तीन मितींची आणि कागद दोन मितींचा, ही अडचण फार जुनी आहे. गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकात तिच्यावर पद्धतशीर तोड काढली. एकाच वस्तूची समोरून आणि वरून दिसणारी दृश्ये काढून ती एकमेकांशी जोडायची, ही ती पद्धत. किल्ल्यांच्या बांधकामासाठी ती इतकी मोलाची ठरली की फ्रान्सच्या सैन्याने ती काही वर्षे गुप्त ठेवली होती. मोंजचे या विषयावरील पुस्तक १७९९ मध्ये प्रसिद्ध झाले. भूमितिचित्रणाच्या तासाला तुम्ही जी दृश्ये काढता, ती याच परंपरेतली.

संगणक या कामात आला तो १९६३ मध्ये. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत आयव्हन सदरलंड या विद्यार्थ्याने आपल्या डॉक्टरेटसाठी 'स्केचपॅड' नावाची आज्ञावली लिहिली. टीएक्स-२ नावाच्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून त्यात रेघा ओढता येत. पण तिचे खरे वैशिष्ट्य पुढेच आहे. ओबडधोबड रेघा काढून झाल्यावर 'या दोन समांतर असू देत', 'या दोन एका लांबीच्या असू देत' असे संगणकाला सांगता येई आणि संगणक आकृती त्याप्रमाणे नीट करून दाखवी. आजच्या कॅडचा गाभा तोच आहे. आपण पडद्यावर रेघा काढतो, परंतु संगणक लक्षात ठेवतो ती त्या रेघांची परस्परांशी असलेली नाती.

आधी माप, मग रेघ

कॅड शिकायचे म्हणून थेट संगणकापुढे बसू नका. आधी हातात व्हर्निअर कॅलिपर घ्या. तुमच्या मोटरीचा दांडा, तिची स्क्रूची भोके, चाकाचा व्यास ही सारी मापे घेऊन वहीत नोंदवा. एकच माप तीनदा घ्या.

दोन भोकांच्या केंद्रांमधले अंतर कसे मोजाल? केंद्र म्हणजे पोकळी. तिथे कॅलिपर टेकणार कशावर? यासाठी एक साधी युक्ती आहे. दोन्ही भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजा. मग आतल्या कडांमधले अंतर मोजा. दोहोंची सरासरी म्हणजेच केंद्रांतर. समजा, बाहेरचे माप २०.५ मि.मी. आणि आतले १४.५ मि.मी. आले, तर केंद्रांतर १७.५ मि.मी. बाहेरच्या मापात दोन्ही त्रिज्या मिळवल्या जातात आणि आतल्यात त्या वजा होतात; म्हणून सरासरीत त्या उरत नाहीत. भोके लहानमोठी असली तरीही हे खरे ठरते. कसे, ते कागदावर मांडून पाहा.

आता आपल्या गिअरच्या प्लेटकडे वळू. एकमेकांत अडकलेले दोन गिअर म्हणजे एकमेकांवर न घसरता लोळणारी दोन गुळगुळीत चाके, असे समजता येते. या काल्पनिक चाकांचा व्यास दात्यांच्या संख्येवरून ठरतो. दात्यांचा लहानमोठेपणा 'मोड्यूल' या मापाने सांगतात. मोड्यूलला दात्यांच्या संख्येने गुणले की त्या काल्पनिक चाकाचा व्यास मिळतो. आपले गिअर १ मि.मी. मोड्यूलचे आहेत. मोटरीच्या दांड्यावरचा गिअर २० दात्यांचा आणि चाकाच्या दांड्यावरचा ६० दात्यांचा. म्हणून व्यास २० मि.मी. आणि ६० मि.मी.; त्रिज्या १० आणि ३०; आणि केंद्रांतर १० + ३० = ४० मि.मी. सूत्ररूपाने,

केंद्रांतर = मोड्यूल × (पहिल्याचे दाते + दुसऱ्याचे दाते) ÷ २

तो ४० चा आकडा येतो तो इथून. आणि चूक किती चालेल? नेहमीच्या घडणीच्या गिअरमध्ये दात्याचे टोक त्या काल्पनिक चाकाच्या बाहेर १ मोड्यूल जाते आणि दोन दात्यांमधली खाच आत १.२५ मोड्यूल खोल असते. म्हणजे टोक आणि खाचेचा तळ यांत मोकळी जागा अवघी ०.२५ मि.मी.! केंद्रांतर अर्ध्या मिलिमीटरने कमी झाल्यावर दाते एकमेकांत रुतून बसणारच. उलट ते दीड मिलिमीटरने वाढले तर दाते जेमतेम अर्धा मिलिमीटर एकमेकांत शिरतील आणि जोर पडताच निसटतील.

मोकळीक आणि बंधने

आता संगणक सुरू करा. फ्रीकॅड हे कोणालाही विनामूल्य वापरता येणारे सॉफ्टवेअर आहे. २००२ पासून ते घडत आले आणि त्याची १.० ही आवृत्ती २०२४ मध्ये आली. ऑनशेप हे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून चालते आणि विद्यार्थ्यांना मोफत मिळते. अगदी नवख्यांना टिंकरकॅड सोपे जाते. पण बंधनांची खरी रीत पहिल्या दोघांत चांगली शिकता येते. बटणांची नावे निरनिराळी असली तरी तत्त्व एकच.

प्रथम प्लेटची बाह्याकृती, म्हणजे एक आयत काढा. माउसने काढलेला हा आयत दिसायला ठीक असतो, पण त्याची कड धरून ओढली तर तो खुशाल आकार बदलतो. असे का होते? त्याला अजून 'मोकळीक' आहे म्हणून. ही मोकळीक चक्क मोजता येते.

एका रेघेला दोन टोके असतात. प्रत्येक टोक आडव्या दिशेने आणि उभ्या दिशेने असे दोन प्रकारे हलू शकते. म्हणून एका रेघेच्या ४ मोकळिकी. आयतात चार रेघा, म्हणून सुरुवातीला १६ मोकळिकी. आता एकेक बंधन घालत जाऊ.

रेघांची टोके चार कोपऱ्यांत जुळवली. प्रत्येक कोपऱ्यात २ मोकळिकी गेल्या, उरल्या ८.

दोन रेघा आडव्या आणि दोन उभ्या असल्याचे सांगितले, उरल्या ४.

लांबी ९० मि.मी. आणि रुंदी ७० मि.मी. दिली, उरल्या २.

डावा खालचा कोपरा आरंभबिंदूवर बसवला. उरली ० मोकळीक.

आता हा आयत कितीही ओढला तरी हलत नाही. आकृती पूर्ण बांधली गेली हे सॉफ्टवेअर रंगावरून सांगते. फ्रीकॅडमध्ये ती हिरवी होते, ऑनशेपमध्ये काळी. आणखी एक माप घालायला गेलात, उदाहरणार्थ वरच्या कडेची लांबीही ९० लिहिली, तर संगणक कुरकुर करतो. खालची कड ९० झाली की वरची आपोआप ९० होतेच. मग तीच गोष्ट दुसऱ्यांदा कशाला सांगायची? दोन ठिकाणी लिहिलेल्या मापांत पुढेमागे फरक पडला, तर खरे कोणते मानायचे?

ही कल्पना हाताने अनुभवायची असेल तर पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या घ्या. कोपऱ्यांना टाचण्या लावून चौकट करा. चौकट डुलते; चौरसाचा समभुज चौकोन होतो. आता पाचवी पट्टी कर्णावर लावा. चौकट घट्ट झाली! सहावी पट्टी दुसऱ्या कर्णावर लावायला जा. ती किंचितही आखूड वा लांब असेल तर बसणारच नाही, आणि अगदी नेमकी असेल तर तिची गरजच नाही. कमी बंधने असली की आकृती डुलते, जास्त झाली की भांडते.

भूमितीच्या रचना करताना तुम्ही नेमके हेच करत असता. त्रिकोणाच्या दोनच बाजू दिल्या तर असंख्य त्रिकोण निघतात. तिसरी बाजू दिली की एकच. प्रश्नात दिलेली माहिती पुरेशी आहे की नाही हे ओळखणे, हेच कॅडमधले पहिले कौशल्य.

आता दोन वर्तुळे काढा. वर्तुळाला ३ मोकळिकी: केंद्राच्या दोन आणि त्रिज्येची एक. दोन वर्तुळांच्या मिळून ६. दोन व्यास दिले की उरतात ४. पहिले केंद्र डाव्या कडेपासून १५ मि.मी. आणि खालच्या कडेपासून ३५ मि.मी. ठेवले, उरल्या २. दुसरे केंद्र पहिल्याच्या समपातळीत ठेवले, उरली १. दोहोंतले अंतर ४० दिले; उरली ०. आकृती तयार झाली. तिला ४ मि.मी. जाडी द्या. फ्रीकॅडमध्ये या क्रियेला 'पॅड' म्हणतात आणि बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये 'एक्स्ट्रूड'. सपाट आकृतीची आता घन प्लेट झाली.

आकड्यांऐवजी नाती

इथवर आपण कागदावर जे करता आले असते तेच केले. कॅडची खरी करामत पुढे आहे. '४०' हा आकडा लिहिण्याऐवजी आपण ते सूत्रच लिहू शकतो. फ्रीकॅडमध्ये त्यासाठी तक्ता करता येतो, ऑनशेपमध्ये चलांना नावे देता येतात. बीजगणितातली चले ती हीच! तक्त्यात तीनच आकडे लिहा: मोड्यूल १, पहिल्या गिअरचे दाते २०, दुसऱ्याचे ६०. बाकीची मापे त्यांवरून काढा. प्रत्येक काल्पनिक चाकाभोवती ५ मि.मी. जागा सोडायची असे ठरवले, तर

प्लेटची लांबी = मोड्यूल × (दोन्ही गिअरच्या दात्यांची बेरीज) + १०

प्लेटची रुंदी = मोड्यूल × (मोठ्या गिअरचे दाते) + १०

वरचे आकडे घालून पाहा: लांबी ९०, रुंदी ७०. तेच आले. पहिले भोक डाव्या कडेपासून लहान गिअरची त्रिज्या अधिक ५, म्हणजे १५ मि.मी.वर, आणि खालच्या कडेपासून निम्म्या रुंदीवर, म्हणजे ३५ मि.मी.वर. आता एकही माप अधांतरी राहिले नाही. प्रत्येकाला 'तू एवढेच का?' असे विचारता येते आणि प्रत्येकाकडे उत्तर आहे.

मापांची नाती जपणारी ही पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या कारखान्यांत रूढ होऊ लागली. त्या काळी तिच्यासाठी महागडी यंत्रणा लागे. आज ती तुमच्या शाळेतल्या संगणकावर चालते.

पडद्यावरची जुळणी

एकेक भाग तयार झाला की ते पडद्यावर एकत्र जोडून पाहायचे असतात. याला जुळणी किंवा असेंब्ली म्हणतात. इथेही बंधनेच असतात: हा दांडा त्या भोकाच्या मध्यातून जावा, हे चाक या दांड्यावर बसावे. मोटर, गिअर, चाक, प्लेट सारे जोडा आणि खाली जमिनीची एक सपाट पातळी काढा.

आणि आता नीट पाहा. आपल्या चाकाचा व्यास ६५ मि.मी. आहे. म्हणजे चाकाचा दांडा जमिनीपासून ३२.५ मि.मी. उंचीवर. पण प्लेटची रुंदी ७० मि.मी. आणि दांडा तिच्या मध्यावर. म्हणजे प्लेट दांड्याच्या खाली ३५ मि.मी. उतरते. प्लेटची खालची कड जमिनीच्या २.५ मि.मी. खाली गेली!

याचा अर्थ लक्षात आला ना? सुरुवातीच्या गोष्टीत भोके अचूक ४० मि.मी.वर पडली असती, तरी यंत्रमानव पुस्तकांवरून खाली उतरवताच प्लेट जमिनीला टेकली असती आणि चाके हवेत फिरत राहिली असती. तीही ऐन स्पर्धेच्या मैदानावर. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने उलट वेळीच सावध केले, असे म्हणावे लागेल.

आता उपाय काय? मोठा गिअर ५० दात्यांचा घेऊन पाहू. तक्त्यात ६० च्या जागी ५० लिहा. क्षणात केंद्रांतर ३५ झाले, लांबी ८० झाली, रुंदी ६० झाली, भोके आपोआप योग्य जागी सरकली. प्लेट आता दांड्याखाली ३० मि.मी. उतरते आणि जमिनीपासून २.५ मि.मी. वर राहते. सपाट मैदानासाठी हे पुरेसे आहे. कागदावर हेच करायचे तर सारे आरेखन खोडून पुन्हा काढावे लागले असते आणि एखादे माप बदलायचे हटकून राहून गेले असते.

पण एक गोष्ट संगणकाने आपणहून सांगितली नाही, ती आपण विचारली पाहिजे. गिअर बदलल्याने आणखी काय बदलले? मोटर मिनिटाला १८० फेरे घेत असेल तर चाक पूर्वी ६० फेरे घेत होते. आता ७२ घेईल. ६५ मि.मी. व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे २०.४ सें.मी. पुढे जाते. ३ मीटरचे अंतर तोडायला यंत्रमानवाला पूर्वी सुमारे १५ सेकंद लागले असते, आता सुमारे १२ लागतील. मात्र वेग वाढला तशी चाकाची जोर लावण्याची शक्ती कमी झाली. पूर्वी घर्षण सोडले तर ती मोटरीच्या तिप्पट होती, आता अडीचपट. स्पर्धेत चढण चढायची असेल तर हा सौदा परवडेल का? हे ठरवायचे तुम्ही. नाती जपण्याचे काम संगणकाचे. निर्णय घेण्याचे काम तुमचे.

संगणकातले भोक आणि प्लास्टिकमधले भोक

पडद्यावर ३ मि.मी.चे भोक म्हणजे बरोबर ३ मि.मी. असते. प्रत्यक्षात तसे होत नाही. २०१६ पासून नीती आयोगाच्या योजनेतून अनेक शाळांत अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या. तुमच्या शाळेत ती असेल तर तिथला थ्रीडी प्रिंटर तुम्ही पाहिला असेल. वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक धागा थरावर थर टाकून तो वस्तू बनवतो. हा धागा वळणावर आत ओढला जातो आणि थंड होताना आकसतो. त्यामुळे भोक ठरवल्यापेक्षा थोडे लहान होते. ३ मि.मी.चा स्क्रू ३ मि.मी.च्या भोकात जात नाही तो यामुळे.

दुसरे कारण भूमितीचे आहे. प्रिंटरसाठी फाइल करताना वस्तूचा पृष्ठभाग लहान लहान त्रिकोणांत मोडला जातो. त्यामुळे वर्तुळाचा बहुभुज होतो आणि त्याच्या बाजू वर्तुळाच्या आतून जातात. १० मि.मी. व्यासाच्या भोकाचा बारा बाजूंचा बहुभुज झाला, तर केंद्रापासून बाजूचे अंतर ५ × cos १५° = ४.८३ मि.मी. एवढेच भरते. म्हणजे समोरासमोरच्या बाजूंत ९.६६ मि.मी.च जागा! बाजूंची संख्या वाढवली की हा फरक नगण्य होतो. फाइल करताना ती संख्या वाढवायला विसरू नका.

म्हणून भोकाला थोडी 'सूट' द्यावी लागते. किती? हे प्रत्येक प्रिंटरचे वेगळे असते. तेव्हा मूळ भाग छापण्याआधी एक लहानशी चाचणीपट्टी छापा. तिच्यात ३.०, ३.१, ३.२, ३.३ आणि ३.४ मि.मी.ची पाच भोके ठेवा. कोणत्या भोकात स्क्रू सहज जातो, कोणत्यात तो आवळून बसतो, हे पाहून त्या प्रिंटरजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. फिरणाऱ्या दांड्याला सैल भोक हवे आणि न हलणाऱ्याला घट्ट. मिळालेली सूटही तक्त्यात एक चल म्हणून घाला, म्हणजे प्रिंटर बदलला तरी एकच आकडा बदलावा लागेल.

प्रिंटर नसेल तर?

शाळेत प्रिंटर नसला तरी कॅड वाया जात नाही. प्लेटचे आरेखन साध्या प्रिंटरवर कागदावर मूळ मापात छापा. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा. आरेखनाशेजारी १०० मि.मी.ची एक रेघ काढलेली असू द्या. छापल्यावर ती फूटपट्टीने मोजा. १०० भरली तर आरेखन विश्वासाचे. हा कागद अ‍ॅक्रिलिकवर किंवा प्लायवूडवर चिकटवा, केंद्रांवर टोच्याने बारीक खूण करा, आधी लहान आणि मग हवे त्या मापाचे ड्रिल चालवा. टोच्याच्या खुणेमुळे ड्रिल घसरत नाही.

आणि मापे हाताने आखायचीच असतील तर ती सारी एकाच कडेपासून मोजा. एका ओळीत पाच भोके आहेत आणि प्रत्येक भोक आधीच्या भोकापासून मोजून पाडले असे समजा. दर वेळी ०.२ मि.मी.ची चूक एकाच दिशेने झाली, तर पाचवे भोक १ मि.मी.ने चुकेल. तेच कडेपासून मोजले तर प्रत्येकाची चूक ०.२ मि.मी.च्या आत राहील.

चमूसाठी दोन शब्द

यंत्रमानव एकट्याने होत नाही. अमेरिकेत डीन केमेन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या 'फर्स्ट' या संस्थेच्या स्पर्धेत माध्यमिक शाळांचे विद्यार्थी मोठे यंत्रमानव उभे करतात. खेळ कोणता हे वर्षाच्या सुरुवातीला जाहीर होते आणि काही आठवड्यांतच यंत्र तयार करावे लागते. एवढ्या थोड्या वेळात कोणी चाके, कोणी हात, कोणी विद्युत्-जोडणी अशी कामे वाटून घेतली, तर ती सारी शेवटी एकमेकांत बसणार कशी? पडद्यावरची जुळणी रोज सगळ्यांनी मिळून पाहिली, तरच.

तुमच्या चमूतही फायलींना 'नवीन', 'अगदी नवीन', 'शेवटची' अशी नावे देऊ नका. भागाचे नाव आणि आवृत्तीचा क्रमांक द्या. माप बदलले तर कोणी आणि का बदलले, हे एका ओळीत लिहा. ड्रिल हातात धरणाऱ्या मित्राला आकड्याबरोबर त्यामागचे कारणही ठाऊक असेल, तर तो तुमची चूकही वेळेवर पकडील.

करून पाहा

१. मोड्यूल १.५ मि.मी.; गिअर १६ आणि ३२ दात्यांचे. केंद्रांतर किती? वरच्या सूत्रांप्रमाणे प्लेटची लांबी-रुंदी किती?

२. त्रिकोणाच्या तीन रेघांना मिळून किती मोकळिकी? तिन्ही कोपरे जुळवले आणि तिन्ही बाजूंची लांबी दिली, तर किती उरतात? त्या उरलेल्या मोकळिकी कोणत्या?

उत्तरे: (१) केंद्रांतर ३६ मि.मी.; लांबी ८२ मि.मी., रुंदी ५८ मि.मी. (२) सुरुवातीला १२. कोपरे जुळवल्यावर ६. बाजू दिल्यावर ३. त्या तीन म्हणजे आडवे सरकणे, उभे सरकणे आणि फिरणे. त्रिकोण कोठे आणि कसा ठेवायचा एवढेच उरले, आकार मात्र पक्का झाला. 'बाजू-बाजू-बाजू' ही एकरूपतेची कसोटी सांगते ती हीच गोष्ट!